नीलकंठरावांची एकादशी

फार वर्षांपूर्वी एका टेकडीवरील देवळात नीलकंठ मयूरराव पिसारे नावाचा, अकरा वर्षे वयाचा मोर राहत असे. तीन वर्षे प्रसादाचे लाडू खाऊन तो इतका स्थूल झाला, की सायंकाळी चिंचेच्या फांदीवर उडून बसणे त्यास जमेना. खाली फिरणाऱ्या कोल्ह्याने हे हेरले.

घाबरून मोराने एकादशी धरली. परंतु फराळास साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू यथेच्छ खाल्ले.

"उत्तम, नीलकंठराव!" कोल्हा म्हणाला, "अशा आणखी चार एकादशा करा. मला घाई नाही."

तेव्हा खारूताई म्हणाली, "दादा, उपास सोडा. रोज चार घास कमी खा आणि देवळाला दोन फेऱ्या अधिक घाला. या महिन्यात ओट्यावर उडा, पुढच्या महिन्यात कुंपणावर."

"इतके सावकाश? तोवर कोल्हा थांबेल?"

"तोवर पुजारीबुवांच्या गोठ्यात निजा, त्याला दार आहे. तीन वर्षांचे लाडू तीन दिवसांत कसे उतरतील?"

मोराचा अभिमान दुखावला, तरी त्याने तसेच केले. पाचव्या महिन्यापासून तो चिंचेवर निजू लागला आणि कोल्ह्याने ती टेकडी सोडली.