न उपसलेले कुंड

जो तुळशीच्या पानावरच्या दहिवरात वसतो आणि रक्ताच्या थेंबातही, त्या अंतर्यामी नारायणाला आधी वंदन. मग ही कथा.

“मग कुंड उपसायचं की नाही, एवढं तरी सांगा जी!”

आरोग्यसेवक मडावी सकाळपासून हेच विचारत होता. आता ऊन कलले होते.

“नाही,” श्रीपती म्हणाला.

श्रीपती हा मुक्ताजीबुवांचा पट्टशिष्य. जंगलाकाठच्या त्यांच्या मठात शिवलिंगावरचे अभिषेकाचे पाणी दगडी कुंडात साठे. बारा वर्षे त्यातला थेंबही वाहून जाऊ द्यायचा नाही, असा श्रीपतीचा संकल्प होता. एक्क्याऐंशी दिवस उरले होते.

दिवसाआड हुडहुडी भरवणारा एकांतरा ताप आला की आसपासच्या वस्त्यांवरची माणसे मठात येत. उजवा हात उघडा टाकून दिवेलागणीपर्यंत कुंडाकाठी बसत. मग श्रीपती तीर्थात भिजवलेला काळा दोरा त्यांच्या दंडाला बांधी.

यंदा दोरे पुरेनात.

“डास इथंच जन्मतात,” मडावी म्हणाला. “इथंच तापकऱ्याला चावतात, आणि त्याच्या सोबत आलेल्यालाही इथंच. माणसं ताप सोडायला येत नाहीत स्वामी, न्यायला येतात.”

“तीर्थात कसले डास?”

“बरं, उपसू नका. गप्पी मासे सोडतो. अळ्या खातात ते.”

“शंकराच्या तीर्थात मांसाहारी!”

“सोमवारचा उपास धरायला सांगतो त्यांना.”

श्रीपती हसला नाही. हसण्याइतके त्राणही त्याच्यात नव्हते. महिनाभर तो तापकऱ्यांच्या उशाशी बसला होता. आत बुवा पाचव्यांदा फणफणले होते, आणि त्यांचे रक्त तपासायला आलेल्या मडावीला त्यानेच दारात अडवले होते. “सिद्धपुरुषाच्या रक्तात तुला काय सापडणार?” असे वर ऐकवले होते.

दार करकरले.

घोंगडे पांघरलेले बुवा भिंत धरत धरत बाहेर आले. त्यांच्या दंडाला श्रीपतीने बांधलेले पाच दोरे होते.

कुंडाकाठी सुकमी बसली होती. सात महिन्यांची पोटुशी; दातांवर दात वाजत होते. बुवा तिच्याशेजारी टेकले.

“आधी या लेकीचं बोट,” ते मडावीला म्हणाले. “मग माझं.”

मडावीने टोचले. दोन थेंब दोन काचांवर घेतले, आणि काचा कुंडाच्या दगडावर वाळत ठेवल्या.

“श्रीपती… यातला तुझ्या गुरूचा कोणता?”

श्रीपती वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

“कळत नाही, महाराज.”

“डासालाही कळत नाही.”

सुकमीने उघडा हात पुढे केला. “बांधा ना बाबा दोरा. पोटातल्याला काही होणार नाही ना?”

बारा वर्षांत या प्रश्नाला श्रीपतीचे उत्तर कधी अडले नव्हते. “तीर्थ आहे, माय,” एवढे म्हटले की पुरे.

आज त्याने तीर्थाकडे पाहिले. खरोखरच पाहिले. पाण्याच्या कडेला बारीक अळ्या वळवळत होत्या.

दोरा त्याच्या हातातच राहिला.

“नाही, माय. दोरा नको. मडावीबरोबर दवाखान्यात जा… आत्ताच.”

तो कुंडात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात चाचपडत त्याने तळाच्या मोरीचा दगड शोधला. बारा वर्षांचा दगड; सहजी हलेना. त्याने पाय रोवले, आणि ओढला.

पाणी खळखळत उताराला लागले. उघड्या पडलेल्या शेवाळात श्रीपती तसाच उभा राहिला.

“व्रत मोडलं, महाराज,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी थकला होता. “एक्क्याऐंशी दिवस राहिले होते.”

बुवांना पुन्हा हुडहुडी भरत होती. त्यांनी घोंगडे ओढून घेतले.

“संकल्प केलास, तेव्हा तळहातावर पाणी घेतलं होतंस. आठवतं?”

“हो, महाराज.”

“ते सोडायचं राहिलं होतं.”

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या घरी दिवेलागणीला सगळी माणसे सुखरूप जमोत. कुणाच्याही अंगात तापाची कसर न उरो.