धुरपदा सुईणीची पोथी

फार वर्षांमागे डोंगरापलीकडच्या एका गावात धुरपदा नावाची सुईण राहत होती. मूल आडवं आलं तरी ती डगमगत नसे. तिला घोर होता तो एकच: आपण गेलो की आपल्याला ठाऊक असलेलं सगळं आपल्यासोबत जाणार.

एकदा तिनं पाहिलं, सून येसू चुलीपुढच्या राखेत बोटानं रेघोट्या ओढत होती. सासूची चाहूल लागताच येसूनं घाईघाईनं राख पुसली.

"काय गं ते?"

"अक्षरं, आत्याबाई. माझे वडील पंतोजी. त्यांनी चोरून शिकवली."

त्या काळी बाईनं लिहिणं पाप समजत. पण धुरपदा रागावली नाही. ती शेजारी बसली. "मी बोलले तर ते यात राहील?"

"राहील."

"मग लिही."

दोन वर्षं सासू सांगत गेली, सून लिहीत गेली. खऱ्या कळा कशा ओळखायच्या, मूल झाल्यावर वार पडली नाही तर काय करायचं, सगळं पोथीत उतरलं. पहिल्या पानावर धुरपदानं लिहायला लावलं, 'कळा जिला येतात, तिला आधी विचारा.'

पोथीची कीर्ती ऐकून राजवैद्य आले. पानं चाळून म्हणाले, "उत्तम! राजाच्या ग्रंथभांडारात ठेवतो. फक्त वर माझं नाव घालू. बाईची पोथी कोण वाचणार? आणि हे पहिलं पान काढा. बायकांना काय विचारायचं?"

राजाच्या भांडारात पोथी कायमची सुरक्षित राहिली असती. धुरपदानं पोथी त्यांच्या हातातून परत घेतली. मग म्हणाली, "वैद्यबुवा, नाव एक वेळ दिलंही असतं. पण ज्याला ते पान नको, त्याचं नाव या पोथीवर कसं घालू?"

"मग खाऊ दे वाळवीला!" म्हणत वैद्य तरातरा निघून गेले.

"चुकलं का गं माझं?" धुरपदानं विचारलं.

"नाही, आत्याबाई," येसू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं बायकांना अक्षरं शिकवायला ओसरीवर धूळपाटी मांडली.

आधी शेजारच्या गावची सुईण शिकायला आली, मग तिची लेक, मग एक नवी नवरी. लोक नावं ठेवत. एकीच्या नवऱ्यानं तर धूळपाटी पालथी केली. बायकांनी धूळ गोळा केली आणि पुन्हा गिरवायला बसल्या. शिकलेली प्रत्येक बाई पोथी उतरवून आपल्या गावी नेई. पाच वर्षांत बावीस गावांत पोथी पोचली. अडलेल्या कितीतरी बाया तिच्यामुळे सुखरूप सुटल्या.

शेवटी सत्तरीची धुरपदाही धूळपाटीपुढं बसली. अक्षरं जमू लागली तेव्हा येसू म्हणाली, "आत्याबाई, आता पोथीवर तुमचं नाव तुमच्या हातानं लिहा."

धुरपदानं बोरू घेतला. आधी आपलं नाव लिहिलं. मग येसू बोरू घ्यायला पुढं झाली, तर म्हातारीनं तिचा हात बाजूला सारला आणि खाली आणखी दोन अक्षरं काढली: येसू.

येसूला रडू आवरेना.

तात्पर्य: बाईनं आपलं जाणतेपण दुसऱ्याच्या नावावर करू नये, ते दुसरीच्या हाती द्यावं.