तांबड्याच्या मानेवरचे केस

"औषध कुणाला लावलंस?"

"तांबड्याला, वस्ताद."

"का?"

सर्जेरावनं हसू दाबलं. ज्याचे केस गेले त्याला औषध लावायचं नाही, तर काय तालमीच्या दाराला लावायचं? पण दस्तगीर वस्तादांपुढं असं बोलायची हिंमत पंचक्रोशीत कुणाची नव्हती. तो एवढंच म्हणाला, "त्येचंच केस गेल्यात."

वस्तादांनी नुसतं "हं" केलं आणि बाजेवर कूस बदलली...

सर्जेराव म्हणजे त्या तालमीचा एक नंबरचा गडी. वय तेवीस. वारणाकाठच्या सात गावांत त्याला खाली घेईल असा पैलवान उरला नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तो स्वतःच सांगायचा.

त्याला एकच गोष्ट हवी होती. चैत्रात गावची जत्रा, जत्रेत मैदान, आणि मैदानातली शेवटची मोठी कुस्ती. तिथं नाव द्यायचं तर वस्तादांचा शब्द लागतो, आणि वस्ताद तो देत नव्हते. का देत नव्हते, तेही सांगत नव्हते.

पौषात सर्जेरावनं फारच लकडा लावला, तेव्हा वस्तादांनी त्याच्या हातात एक खोकं दिलं. आत दोन ससे होते, एक पांढरा आणि एक तांबडा. गावातल्या एका मास्तरांची बदली झाली होती. पोरांनी बिस्किटं चारून वाढवलेले ससे बरोबर नेणं त्यांना जमेना, म्हणून ते तालमीच्या ओसरीवर ठेवून गेले होते. पांढरा गुबगुबीत होता. तांबड्याच्या मानेवर मात्र रुपयाएवढं टक्कल पडलं होतं.

"ह्येच्या मानंवर केस आलं, की तुजं नाव देतो," वस्ताद म्हणाले.

सर्जेरावला हा डाव्या हातचा मळ वाटला.

सशांना त्यानं पैलवानच करायला घेतलं. सकाळी भिजवून सोललेले बदाम, दुपारी कणकेचे गोळे, संध्याकाळी दुधात कालवलेले शेंगदाणे. एकदा तर थंडाईही ठेवली होती. पांढरा आणखी गुबगुबीत झाला. तांबड्याचं टक्कल रुपयाचं तळहाताएवढं झालं.

मग त्यानं कडुनिंबाच्या तेलात हळद कालवून लावली. सशानं ती चाटली आणि दोन दिवस अंग टाकून बसला. सर्जेरावच्या तोंडचं पाणी पळालं. ससा मेला असता तर जत्राही गेली असती.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेखाली बघितली. खरूज नाही, गजकर्ण नाही, कातडी स्वच्छ आहे, असं ते म्हणाले. तेल लावू नका, ससा ते चाटतो आणि आजारी पडतो. थोडे दिवस दोघांना वेगळं ठेवून बघा. खायला काय घालता, हेही त्यांनी विचारलं होतं. सर्जेरावनं छाती पुढं काढून "खुराक एक नंबर" म्हणून सांगितलं. बाहेर म्हशीवाल्यांची रांग लागली होती, तेव्हा त्यांनीही पुढं विचारलं नाही. कातडी मऊ राहावी म्हणून त्यांनी एक मलम तेवढं दिलं.

वेगळं ठेवल्यावर तीन आठवड्यांत तांबड्याच्या मानेवर केस आले. सर्जेराव खोकं डोक्यावर घेऊन जवळजवळ नाचतच तालमीत आला.

वस्तादांना आता डोळ्यांनी अंधुकच दिसायचं. ते सगळं बोटांनी बघायचे. त्यांनी सशाच्या मानेवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाले, "एका जागी ठेव दोघास्नी."

एका जागी ठेवले. पाचव्या दिवशी मान पुन्हा उघडी.

सर्जेरावनं पुन्हा मलम लावलं, आणि त्यावरच वस्ताद विचारत होते, औषध कुणाला लावलंस म्हणून.

"उद्या मातीत उतरू नगं," बाजेवरूनच ते म्हणाले. "खोक्याम्होरं बस."

"आनि?"

"बस म्हन्लं न्हवं..."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून सर्जेराव ओसरीवर मांडी घालून बसला. आत आखाड्याच्या हौद्यात पोरं माती उकरत होती, शड्डू वाजत होते, आणि हा पैलवान सशाचं तोंड बघत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर काही घडतही नव्हतं. दोघे चिकटून बसले होते. पांढऱ्यानं तोंड तांबड्याच्या मानेवर ठेवलं होतं आणि त्याचे ओठ हळूहळू हलत होते.

"काय दिसतंय?" वस्तादांनी विचारलं.

"पांढरा जीव लावतोय त्येला. चाटतोय."

वस्ताद काठी टेकत आले आणि खोक्याशेजारी बसले. त्यांनी खोक्यात हात घातला, पांढरा रोज लेंड्या टाकायचा तो कोपरा चाचपला आणि म्हणाले, "हात कर."

सर्जेरावनं हात पुढं केला. त्याच्या तळहातावर सात-आठ लेंड्या आल्या. सुट्या नव्हत्या. एकीला एक अडकून त्यांची माळ झाली होती.

"कशात ववल्यात?"

सर्जेरावनं माळ उजेडात धरली. मणी केसात ओवले होते. केस तांबडा होता.

त्यानं तो केस बोटांत ताणून पाहिला. पांढऱ्याच्या पोटात तांबड्याचे केस. दोन महिने तो टकलाला तेल-मलम चोळत होता आणि टक्कल पाडणाऱ्याला बदाम सोलून देत होता...

मग त्याला राग आला. राग त्याला चटकन यायचा.

"ह्येला आत्ताच्या आत्ता हाकलतो, वस्ताद."

"त्येनं काय केलं?"

"केस कुरतडून खाल्लं."

"का खाल्लं?"

"माजलाय. दुसरं काय?"

"मास्तराकडं कोन बदाम घालत हुतं? तवाबी टक्कल हुतंच की."

सर्जेरावनं पांढऱ्याकडं नेलेला हात मागं घेतला.

"तू काय घालतोस?"

त्यानं बदामापासून थंडाईपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला.

"ही तर तुजी भूक," वस्ताद म्हणाले. "त्येची कुठली?"

ओसरीच्या बाजूला बैलांसाठी वाळल्या गवताची गंज होती. वस्तादांनी चाचपत तिथवर जाऊन मूठभर गवत उपसलं, झटकलं आणि खोक्यात टाकलं. पांढऱ्यानं तांबड्याची मान सोडली आणि तोंड गवतात खुपसलं. करकर, करकर असा आवाज सुरू झाला. थोड्या वेळानं तांबडाही दबकत आला आणि दुसऱ्या टोकानं खाऊ लागला. दूध-बदामाकडं दोघांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"दिसभर चावाय लागतंय त्येला. चावायला न्हाई मिळालं की जे शेजारी बसलंय, ते चावतंय."

"मग वस्ताद... औषध?"

"ज्येला केस हाईत, त्येला."

एवढं बोलून ते बाजेकडं गेले.

त्या दिवसापासून खोक्यात गवताचा ढीग कधी संपला नाही. बदाम बंद झाले. सर्जेराव रोज पहाटे गंजीतलं गवत निवडायचा, त्यातले काटे काढायचा, आणि मग हाताला गवताचा वास घेऊन मातीत उतरायचा.

मातीत त्याचा जोडीदार होता पोपट कुंभार. गेली चार वर्षं पोपटच होता, कारण सर्जेरावसमोर रोज उभं राहायला दुसरं कुणी तयार नसायचं. रोज दहा वेळा तो पोपटला मानेवर मनगट घासत घिस्सा मारून खाली घ्यायचा, दहा वेळा चीत करायचा आणि अकराव्यांदा लढायला टाळी मागायचा. पोपट टाळी द्यायचा. तो फार बोलत नसे. महिनाअखेर तालीम सोडून बापाच्या मडकी भाजायच्या आव्यावर जायचं त्यानं ठरवलं होतं, पण हे त्यानं एकट्या वस्तादांनाच सांगितलं होतं.

गवत घालायला लागल्याच्या चौथ्या दिवशी सर्जेरावनं नेहमीप्रमाणे पोपटच्या मानेवर हात टाकला. मनगट घासायला उचललं, आणि तो थांबला.

पोपटच्या मानेवर, केस जिथं संपतात तिथं, गोल चट्टा होता. केस घासून गेले होते. कातडी सोलून खपली धरली होती. चार वर्षं ती मान रोज त्याच्या हाताखाली होती, आणि त्यानं ती आज पहिल्यांदा पाहिली.

हात हवेतच राहिला...

पोपटनं मान आणखी खाली घातली. घिस्सा यायची वाट बघत तो तसाच उभा राहिला. अशी लाज सर्जेरावला आजवर कुणासमोर वाटली नव्हती.

"पोपट," तो म्हणाला, "मला खाली घे."

पोपटला ती चेष्टा वाटली.

"खाली घे आनि वर बस. उठू दिऊ नगं मला."

तो स्वतःच गुडघ्यांवर आला, हात मातीत रोवले. तालमीतले शड्डू बंद झाले. पोपट भीतभीत त्याच्या पाठीवर आला, तोही असा, की अंगाला अंग लागू नये.

"भार टाक," सर्जेराव म्हणाला.

बाजेवर वस्ताद डोळे मिटून पडले होते. त्यांच्या पायाचा अंगठा तेवढा हलत होता.

पहिले चार-सहा दिवस सर्जेराव एका झटक्यात सुटायचा. मग पोपटला हळूहळू हुरूप आला. सर्जेरावचं अंग कसं फिरतं, हे चार वर्षं त्याच्या खाली पडून पाहिलेल्या माणसाइतकं दुसरं कोण ओळखणार? त्यानं एकेक वाट बंद करायला घेतली. तीन आठवड्यांनी एक दिवस असा आला, की सर्जेराव खाली अडकला तो सुटेचना. तोंड मातीत गेलं, श्वास कोंडला, संताप डोळ्यांत चढला. त्याचा कोपर मागं फिरला... आणि परत जागेवर आला.

"कुठं चुकतोय रं मी?" त्यानं मातीतूनच विचारलं.

आणि पोपट बोलला. डावा गुडघा आधी काढतोस, तो उशिरा काढ, असं त्यानं सांगितलं. चार वर्षांत तो पहिल्यांदाच एवढं बोलला असेल. महिनाअखेर आली आणि गेली, पोपट आव्यावर गेला नाही.

फाल्गुन संपता संपता सर्जेरावनं वस्तादांपुढं खोकं ठेवलं. या वेळी तो नाचत आला नव्हता. दोघे ससे एकाच गवतात तोंड घालून बसले होते. वस्तादांनी तांबड्याच्या मानेवरून दोन बोटं उलटी फिरवली, मग सुलटी.

"लव आलीया," ते म्हणाले. "तुजं नाव देतो."

जत्रेच्या दिवशी मैदानाला माणसांचं कडं पडलं होतं. समोरचा गडी बाहेरगावचा, सर्जेरावपेक्षा हातभर उंच. हलगी सुरू झाली, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्या गड्यानं पट काढून सर्जेरावला खाली घेतलं, वर कब्जा केला.

सर्जेराव खाली गेलेला त्या गावानं कधी पाहिलाच नव्हता. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी कुस्ती संपली होती.

सर्जेरावचं तोंड मातीत होतं. पाठीवर पूर्ण भार होता. त्यानं तो भार नीट जोखला, आणि त्याला मातीतच हसू आलं.

पोपटपेक्षा हलका होता.

त्यानं घाई केली नाही. गडी दमेपर्यंत थांबला, डावा गुडघा उशिरा काढला, अंग फिरवलं, आणि काय झालं हे लोकांना कळायच्या आत तो वर होता आणि समोरच्याची पाठ मातीला लागली होती.

मग जो आवाज झाला, तो नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेला म्हणतात. फेटे उडाले. हलगीवाल्याला भान राहिलं नाही. सर्जेरावला खांद्यावर घ्यायला लोक धावले, तर तो खांद्यावर चढेचना. गर्दीत घुसून त्यानं पोपटला शोधलं, उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पोपट रडत होता, हसत होता, आणि दोन्ही एकदम करताना तो फार वेडाबागडा दिसत होता. त्याच थाटात मैदानाला फेरी झाली. त्या दिवशी दोघांइतकं सुखी त्या जत्रेत कुणी नव्हतं.

वाजतगाजत सगळे तालमीत आले. सर्जेरावनं बक्षिसाची गदा वस्तादांच्या पायाशी ठेवली आणि डोकं टेकलं.

वस्तादांनी गदेला हातही लावला नाही. शाबासकी नाही, की पाठीवर थाप नाही. हलगी आपोआप थांबली. सर्जेराव वाकलेलाच राहिला.

"पोपट कुठाय?"

पोपट पुढं आला.

"वाक."

तो वाकला. वस्तादांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. माती पुसली, आणि दोन बोटं उलटी फिरवली, मग सुलटी. पुन्हा एकदा फिरवली. खपली नव्हती, लव होती...

मग ते सर्जेरावच्या दिशेला वळले.

"व्हय रं," ते म्हणाले. "जिंकलास."