कावळ्याची हरकत

फार मागे, नदीघाटावरच्या पिंपळावर एक आंधळी कावळी वारली. जाताना तिने घरटं आपण पोसलेल्या कोकिळेला दिलं.

थोरला कावळा पंच घुबडापुढे संतापला. "परक्या अंड्यातली ही! म्हातारीला भुलवलं हिने!"

"डोळे गेल्यावर तिला चारा कोण भरवत होतं, दादा?" कोकिळेने विचारलं.

"मला कामं होती! पोटचा मुलगा मी आहे!"

तेवढ्यात घाटावर कुणाचा तरी पिंड ठेवला गेला. मेलेल्याची इच्छा पुरी झाल्याशिवाय शिवायचं नाही, ही कुळाची रीत. कावळा अडून बसला. खाली मुलाने हात जोडले, "आई, तू म्हणालीस तसं घर ताईलाच देतो."

कावळा झेपावला. भाताचा घास घेऊन फांदीवर परतला, तोच घुबडाने विचारलं, "त्या आईचं झालं. तुझ्या आईचं काय?"

घास चोचीतच राहिला.