रिकामी वाटी

फार पूर्वी, अक्षरं अजून डोंगर चढून वर आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावर मेंढपाळांची एक वाडी होती. दरवर्षी सुगी झाली की त्यांची मेंढरं खालच्या गावाच्या शेतात बसायला जात. गावाला खत मिळे, मेंढरांना चारा.

मेंढरं किती येणार हे आधी कळवावं लागे, कारण त्या मापानं गावकरी काट्यांचं कुंपण घालत. निरोप जाई तीन लाकडी वाट्यांतून. त्या एका दोरीत ओवलेल्या असत. मोजताना एका मेंढरामागे उजव्या वाटीत एक खडा पडे. दहा खडे झाले की ते काढून मधल्या वाटीत एकच टाकायचा. मधल्या वाटीत दहा झाले की तिथले काढून डाव्या वाटीत एक.

वाडीतल्या आत्याबाईंची नजर मंदावली, म्हणून त्या वर्षी मोजणी त्यांच्या सुनेकडे, सगुणेकडे आली. सगुणा मोठी नीटनेटकी. रिकामं भांडं, रिकामा कोनाडा तिला बघवत नसे. सासरे गेल्यापासून आत्याबाई जेवताना त्यांची घोंगडी आपल्या शेजारी अंथरत. सगुणेनं ती दोनदा गुंडाळून ठेवली होती. आत्याबाईंनी दोन्ही वेळा मुकाट्यानं पुन्हा अंथरली.

मोजणी झाली. डाव्या वाटीत दोन खडे, उजव्या वाटीत तीन. मधली रिकामी. रिकामी वाटी लोकांच्या दारी कशाला धाडायची, असं म्हणून सगुणेनं ती काढून घेतली आणि तिच्यात मीठ भरलं. उरलेल्या दोन वाट्या तोंडं बांधून निरोप्याच्या हाती दिल्या.

चौथ्या दिवशी सूर्य कलताना कळप खाली उतरला. बघतात तो काय, कुंपण जेमतेम अंगणाएवढं. मेंढरं एकमेकांच्या पाठीवर चढू लागली.

पाटील कपाळाला हात लावून म्हणाले, "तेवीस सांगून सगळा डोंगर खाली आणलात की हो आत्याबाई."

मागून कोणीतरी म्हणालं, वाटेत व्यालेली दिसतात. गावकरी हसले, पण वाडीच्या लोकांना हसू येईना. पलीकडच्या ओढ्यात लांडगे होते आणि अंधार पडायला घटकाभरच उरली होती.

एकही खडा कमी धाडला नाही, असं सगुणा पुन्हा पुन्हा सांगत होती.

आत्याबाईंनी दोरी हातात घेऊन चाचपली. "सगुणे, मधली वाटी कुठंय?"

"ती रिकामीच होती, आत्याबाई."

"रिकामी होती, पण तिच्या जागी होती ना."

सगुणेचा चेहरा उतरला. तिनं गाठोड्यातून वाटी काढली, मीठ पदरात ओतून गाठ मारली आणि वाटी त्या दोन वाट्यांच्या मधे ठेवली. पाटलांनी पाहिलं. खडे तेच, पाचच. पण दोन दशकांचे झाले दोन शेकडे.

"दोनशे तीन," ते म्हणाले आणि कोयता घ्यायला वळले.

मग सगळं गाव काट्या तोडायला लागलं. सगुणा सगळ्यांच्या पुढे. शेवटची फांदी रोवली आणि सूर्य बुडाला. एक कोकरूसुद्धा बाहेर राहिलं नाही.

जेवणाच्या वेळी काट्यांनी ओरबाडलेल्या हातांनी सगुणेनं घोंगड्या अंथरल्या. आत्याबाईंच्या शेजारी एक जास्तीची अंथरली, तिच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. आत्याबाईंनी फक्त मीठ मागितलं, आणि सगुणेनं ते पदरातून दिलं.

मुलांनो, रिकाम्या जागेलाही मान द्यावा, कारण शेजारच्यांची किंमत तीच राखत असते.