मायाक्काचे खांदे

"मग माझं चुकलं तरी काय, वस्ताद? शंका आली, विचारली."

इलाही वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून तांबड्या मातीत ताक कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तृप्ती चौगुले म्हणजे तालमीतली सगळ्यात पुढची पोर. मुलींच्या कुस्तीत तिची पाठ आजवर कुणी मातीला लावली नव्हती. काल जत्रेच्या मैदानात मायाक्का नावाच्या धनगराच्या पोरीनं ती लावली, तीही बघता बघता. तृप्ती उठली ती तोंड सोडूनच. भरल्या मैदानात पंचांना म्हणाली, "ही पोरगीच हाय कशावरनं? आधी तपासा, मग निकाल द्या."

लोकांना तेवढंच हवं होतं. शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. दोन बायका मायाक्काला शाळेच्या खोलीत घेऊन गेल्या. बाहेर आल्यावर पंचांनी तिला गदा दिली, पण ती तिनं खांद्यावर घेतली नाही. पदर सावरावा तशी छातीशी गच्च धरून, खाली मान घालून निघून गेली.

तेव्हापासून वस्ताद तृप्तीशी चकार शब्द बोलले नव्हते.

"बोला की वस्ताद..." तिचा ताठा अजून उतरला नव्हता. "मला हौद्यात उतरू देणार का न्हाई, तेवढं तरी सांगा."

"ती पोरगी न्हवं, हे तुला कशावरनं वाटलं?"

"दिसतंयच की. तिचं खांदं बघितलं का तुम्ही?"

वस्तादांनी ओंजळभर माती तिच्यापुढं धरली.

"खांद्याला लाव."

"कुणाच्या?"

"हितं दुसरं कोण हाय?"

कुस्तीआधी अंगाला माती लावायची रीतच असते. तिनं मुकाट्यानं दोन्ही खांद्यांना माती चोळली. खांदे चांगले रुंद होते, माती पुष्कळ लागली.

"आणि?"

"दंड. गड्यागत दंड हाईत तिचं."

"लाव."

तिनं लावली.

"आणि?"

"मान जाड. कान मोडल्यालं..."

तिचा हात कानाशी गेला आणि तिथंच थांबला. कुस्तीत घासून घासून तिचेही दोन्ही कान सुजून मिटून गेले होते. लग्नकार्यात ती ते ओढणीखाली झाकायची.

"आणि?"

"आवाज..." ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाली.

मागल्या दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले होते. दार तिनंच उघडलं. पाहुण्यांनी तिलाच विचारलं, मुलगी कुठाय? त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. तेच बोलणं काल तिनं उचलून दुसरीच्या अंगावर फेकलं होतं, तेही गाव गोळा करून.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मातीनं भरलेलं आपलं अंग कुठं लपवावं तेच कळेना.

"वस्ताद... ती पोरगी हाय, हे मला ठावं हुतं."

वस्ताद पुन्हा मातीत ताक कालवू लागले.

"शंका-बिंका काय न्हवती. हरल्यालं सोसलं न्हाई. तिला कुठं दुखंल, ते मला बरोबर ठावं हुतं... म्हणून तिथंच मारलं."

"व्हय."



"जाऊन पाया पडते तिच्या. पण कुठल्या तोंडानं जाऊ? तिनं दारातनंच हाकललं तर?"

वस्ताद हात झाडत उठले.

"ढाकंचा डाव मारून तिनं तुला उचलली, तवा तू डोक्यावरच येणार हुतीस. ऐनवेळी तिनं तुझ्या मानंखाली हात घातला. मनगट मुरगाळलं तिचं..."

तृप्तीचा हात आपल्या मानेकडं गेला.

"बाकी सगळी तपासली तिला. तेवढा हात तपासायचा राहिला."