विरघळणारा लेप

राजा-राण्यांच्या गोष्टी सांगून संपल्या, त्यानंतरची ही गोष्ट. वेणूताईंना जिना चढवेना, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीत तारेची इवलीशी जाळी बसवली. जाळीवर औषधाचा लेप होता. तो रोज थोडा थोडा विरघळून रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरायचा.

"जाऊ नकोस ना," जाळी म्हणायची. "तुझ्याशिवाय मी उघडी पडेन."

"भिंत एकदम वाढली तर वाट बुजेल, म्हणून मी तिला थोपवून धरलंय," लेप म्हणायचा. "मी सरलो की ती तुला हळूच जवळ घेईल."

लेप सरला. भिंतीने जाळीवर मऊ पांघरूण घातलं.

जाळीला ऊब मिळाली. तरी जाणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाला ती विचारायची, "तो कुठे भेटला का रे?"

थेंब थांबायचे नाहीत. वाट मोकळी होती. वेणूताई जिना चढत होत्या.